आधी खोकं उघड, मग पाकीट

प्रश्न: काका, मी चार तारांचा पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी नसलेला, बास गिटार वाजवते. शनिवार-रविवारी आमचा बँड असतो, एरवी मराठी गाण्यांच्या कार्यक्रमांत साथीला जाते. नुकताच एका बंद झालेल्या स्टुडिओतून जुना ट्यूब डीआय बॉक्स, म्हणजे बास थेट मिक्सरला जोडायचा व्हॉल्व्हवाला खोका, घेतला. कुणीतरी हाताने बनवलेला आहे, कंपनीचं नाव नाही, मेन्सची वायर थेट आत जाते. आत एकच ट्यूब, १२एएक्स७, अक्षरं पुसट झालेली. आवाज गोड आहे, पण मागे सतत हम, म्हणजे विजेची घूं-घूं, असते आणि जोरात वाजवलं की सूर फाटतो. बॉक्सचा आवाज कमी केला तरी फाटतोच. आमचा गिटारवाला म्हणतो, जुनी मुलार्ड कंपनीची ट्यूब घे. दुसरा एक जण म्हणतो, १२एयू७ जातीची ट्यूब घाल, सगळं साफ होईल. एक विक्रेता जुन्या टेलिफुंकन ट्यूबची ‘मॅच्ड पेअर’, म्हणजे मोजून जुळवलेली जोडी, देतोय, त्या पैशांत मला आणखी एक बास येईल. कुठली घेऊ? ट्यूब बदलल्यावर बायस करून घ्यावा लागतो का? आणि नाट्यगृहातले साउंडवाले माझा बॉक्स बघून ‘हे ठेवा बाजूला, आमचा आहे’ म्हणतात, त्यांना काय सांगू?
– बासवाली, सिंहगड रस्ता

बासवाली,

लक्षणं नीट लिहिली आहेस, त्यामुळे माझं काम सोपं झालं. ‘आवाज कमी केला तरी फाटतोच’ या वाक्यात निम्मं निदान आहे. त्याकडे येतोच. आधी पैशांचं बोलू, कारण तो विक्रेता रोज मेसेज करत असणार.

ती जोडी घेऊ नकोस. तुझ्या बॉक्सला ट्यूब लागते एक, दुसरी कपाटात पडून राहील. मॅच्ड जोडी लागते ती अँप्लिफायरच्या शेवटच्या टप्प्यातल्या पॉवर ट्यूबना. तिथे दोघी आलटून-पालटून एकच ट्रान्सफॉर्मर ओढतात आणि एक जास्त करंट खायला लागली तर गडबड होते. छोट्या प्रीअँप ट्यूबची ‘मॅच्ड पेअर’ विकणाऱ्याने तुझ्या बॉक्समध्ये काय आहे हे एकदा तरी विचारलं का? बायसचंही तसंच. बायस म्हणजे सिग्नल नसतानाही ट्यूबला लागणारं स्थिर व्होल्टेज. ट्यूबच्या कॅथोडला, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथून निघतात त्या टोकाला, एक रेझिस्टर असतो, ट्यूबमधून जाणाऱ्या करंटने त्यावर जे व्होल्टेज उभं राहतं तोच तिचा बायस. ट्यूब बदलली की तो आपला आपण बसतो. कुणी बायस करून द्यायचे पैसे मागितले तर नमस्कार करून दुकानातून बाहेर पड.

आता फाटण्याचं. बॉक्स मी पाहिलेला नाही, पण एका १२एएक्स७ वर चालणारे हातबनावटीचे बॉक्स बहुधा एकाच घाटाचे असतात. या ट्यूबच्या एका काचेत दोन ट्रायोड असतात. प्रत्येकाला तीन टोकं: सिग्नल घेणारं ग्रिड, कॅथोड आणि मोठा झालेला सिग्नल देणारी प्लेट. पहिला बासचा सिग्नल मोठा करतो. दुसरा बऱ्याचदा कॅथोड फॉलोअर म्हणून जोडलेला असतो. तो आवाज वाढवत नाही, पुढचा ट्रान्सफॉर्मर ओढता यावा एवढी ताकद देतो. ट्रान्सफॉर्मरमधून बॅलन्स्ड सिग्नल निघतो आणि एक्सएलआर, म्हणजे माइकच्या तीन पिनांच्या केबलने मिक्सरच्या माइक इनपुटात जातो. आवाजाचा नॉब बहुतेक वेळा या दोन ट्रायोडांच्या मधे असतो.

पहिल्या ट्रायोडचा नेहमीचा हिशेब असा: २५० व्होल्टच्या आसपास पुरवठा, प्लेटला १०० किलोओहमचा रेझिस्टर, कॅथोडला दीड किलोओहमचा. करंट साधारण १ मिलिअँपिअर. म्हणजे बायस दीड व्होल्टच्या आसपास. बासचा सिग्नल शिखरावर या दीड व्होल्टच्या जवळ गेला की ग्रिड स्वतःच करंट ओढायला लागतं आणि तिथे सिग्नल चपटा होतो. पॅसिव्ह बास बोटांनी हलका वाजवलास तर पाव-अर्धा व्होल्ट देतो. तीच तार जोरात ओढलीस किंवा अंगठ्याने फटका मारलास तर पहिल्या क्षणी तो एक व्होल्टच्या पुढे जातो. सूर तिथेच फाटतो, ग्रिडवर. नॉब त्याच्या पुढे बसलेला. तू नॉब कमी करतेस तेव्हा आधीच फाटलेला सूर थोडा हळू ऐकू येतो, एवढंच. मिक्सरचं इनपुट ओव्हरलोड होत असतं तर नॉब कमी केल्यावर फाटणं थांबलं असतं, म्हणून मी मिक्सरला यातून वगळलं.

खात्री करून घे. बॉक्सला हात न लावता बासचाच व्हॉल्यूम अर्ध्यावर आण आणि तेवढ्याच जोरात वाजव. फाटणं गेलं तर माझा अंदाज बरोबर. (व्हॉल्यूम अर्ध्यावर आणला की पॅसिव्ह बासची वरची चमकही थोडी उतरते. तो वेगळा विषय, त्याने घाबरू नकोस.) हलक्या हातानेही फाटत असेल किंवा सुरात खरखर येत असेल, तर ट्यूब थकली आहे, सॉकेट मळलंय किंवा एखादा कपॅसिटर गेलाय.

अंदाज बरोबर ठरला तर तुझा प्रश्न कंपनीचा राहत नाही. टेलिफुंकनची १२एएक्स७ काय आणि आजची स्लोव्हाकियाची काय, दोघींचा बायस त्या सर्किटमध्ये दीड व्होल्टच्या आसपासच बसणार आणि तुझा अंगठा दोघींना सारखाच ओलांडणार. प्रश्न ट्यूबच्या जातीचा आहे.

एकाच सॉकेटमध्ये, त्याच पिनांवर बसणाऱ्या पाच जाती तुझ्या कामाच्या आहेत. फरक मुख्यतः त्यांच्या ‘म्यू’चा, म्हणजे ट्यूब जास्तीत जास्त किती पट वाढवू शकते त्याचा. १२एएक्स७ चा १००. ५७५१ चा ७०. १२एटी७ चा ६०. १२एवाय७ चा ४० ते ४४. १२एयू७ चा १७ ते २०. सर्किटमध्ये बसल्यावर प्रत्यक्ष गेन यापेक्षा कमी मिळतो. वर सांगितलेल्या रेझिस्टरांवर १२एएक्स७ साधारण ६० पट देते.

१२एयू७ सुचवणारा तुझा मित्र अर्धा बरोबर आहे. तिचा बायस त्याच रेझिस्टरवर अडीच व्होल्टच्या आसपास जातो, त्यामुळे तुझा फटका ती पचवेल. पण गेन ६० वरून १४-१५ वर येतो, म्हणजे आवाज १२ डेसिबलने पडतो. तो भरून काढायला मिक्सरचा गेन वाढवशील आणि त्याच्याबरोबर मिक्सरची सूं-सूं वर येईल. शिवाय १०० किलोओहमचा प्लेट रेझिस्टर तिच्यासाठी नाहीच. ती जास्त करंट खाते, प्लेटचं व्होल्टेज पुरवठ्याच्या तिसऱ्या हिश्शावर उतरतं आणि सिग्नलला एका बाजूला हलायला जागा कमी उरते. १२एयू७ वापरायचीच असेल तर प्लेट रेझिस्टर ४७ किलोओहम किंवा त्याहून खाली आणायला हवा आणि कॅथोडचा त्याला साजेसा बदलायला हवा. काम अर्ध्या तासाचं आहे, पण ते केल्याशिवाय ‘सगळं साफ होईल’ म्हणणं घाईचं आहे.

मी तुझ्या जागी असतो तर १२एवाय७ घेतली असती. तुझ्या सर्किटमध्ये काहीही न बदलता ती दोन व्होल्टच्या जरा आत बायस घेते, गेन जवळपास निम्मा होतो आणि आवाज सहाएक डेसिबल पडतो. एवढा कुठलाही मिक्सर सहज भरून काढतो. ही ट्यूब मुळात कमी आवाजाच्या आणि कमी मायक्रोफोनिक (धक्क्याने न घुमणाऱ्या) अशा प्रीअँपसाठीच काढली होती. फेंडर कंपनीच्या १९५० च्या दशकातल्या अँपमध्येही पहिल्या जागी ती दिसते. इलेक्ट्रो-हार्मोनिक्स ही ट्यूब बनवते, त्यामुळे जुन्याच्या मागे जायचं कारण नाही.

१२एटी७ बद्दल लोक भरभरून बोलतात. फॉलोअरच्या जागी ती खरंच चांगली आहे, कारण तिची ट्रान्सकंडक्टन्स (ग्रिडवरच्या व्होल्टेजने करंट किती हलतो ते) १२एएक्स७ च्या तिप्पट आहे. पण तिचा जन्म रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या कामासाठी झाला. एक मिलिअँपिअरसारख्या कमी करंटवर ती तितकी सरळ चालत नाही, पहिल्या जागी थोडी कडक वाटते. काही जणांना बासवर ते कडकपण आवडतं. मला नाही. ५७५१ म्हणजे जरा शांत १२एएक्स७. तुझ्या फाटण्याला तिचा थोडाच उपयोग होईल.

नुसता आकार बघून ट्यूब घालू नकोस, हे मोठ्याने सांगतो. ईसीसी८८ किंवा ६९२२ नऊ पिनांचीच असते, दिसतेही तशीच, पण तिची हीटरची जोडणी वेगळी आहे आणि नववी पिन आतल्या शील्डला जाते. रशियन ६एन१पी चंही तेच, वर तिचा हीटर ६.३ व्होल्टला ६०० मिलिअँपिअर मागतो. १२एएक्स७ चा ३०० मागतो. ए-डिझाइन्सचा रेडी नावाचा बास डीआय ६एन१पी वर चालतो आणि छान वाजतो, म्हणून ती ट्यूब तुझ्या बॉक्समध्ये खुपसायची नसते. जुन्या रेडिओतली ईसीसी८५ सुद्धा नाही. आपल्याकडच्या व्हॉल्व्ह रेडिओतून बहुधा ईसीएच८१, ईबीएफ८९, ईएल८४ अशा ट्यूब निघतात, त्यांचा तुला उपयोग नाही. ईसीसी८३ हवी असेल तर जुने पीए अँप्लिफायर आणि स्पूलचे टेपरेकॉर्डर बघावे लागतात. ईसीसी८३ म्हणजे १२एएक्स७ च, युरोपातलं नाव. ईसीसी८२ म्हणजे १२एयू७ आणि ईसीसी८१ म्हणजे १२एटी७. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर मारलीस तर ही नावं खिशात असू देत. बंगळुरूच्या बीईएलचा शिक्का असलेली ईसीसी८३ स्वस्तात हाती लागली तर सोडू नकोस. पण टेस्टरवर बघितल्याशिवाय चाललेल्या ट्यूबला नव्याचे पैसे देऊ नकोस.

ट्यूब न बदलताही एक उपाय आहे आणि तो सगळ्यांत स्वस्त आहे. पहिल्या ट्रायोडच्या कॅथोड रेझिस्टरला समांतर बहुधा एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतो, २२ किंवा २५ मायक्रोफॅरडचा. त्याचं एक टोक सोडवलं की गेन ६० वरून ३०-३२ वर येतो आणि इनपुटला तेवढीच जागा मिळते. सूरही थोडा सरळ होतो. तोटा असा, की त्या टप्प्याचा आतला रोध वाढतो. पुढे फॉलोअर असेल तर चिंता नाही. प्लेटवरून थेट ट्रान्सफॉर्मर जोडला असेल तर मात्र हे करू नकोस, कारण खालचे सूर जातील. ट्रान्सफॉर्मरला खालच्या सुरांसाठी मागून कमी रोधाचा धक्का लागतो. पन्नास हेन्रीची प्रायमरी धर. मागे दहा किलोओहम असेल तर बत्तीसेक हर्ट्झच्या खाली आवाज ढळायला लागतो, एक किलोओहम असेल तर तीन हर्ट्झपर्यंत काही होत नाही. तुझी सगळ्यांत जाड ई तार ४१ हर्ट्झची. म्हणून ‘या ट्यूबने बास घट्ट झाला’ असं कुणी म्हणालं, की ती ट्यूब सर्किटमध्ये कुठे बसली होती ते आधी विचार.

कपॅसिटरला हात लावायचा नसेल तर इनपुटला सिग्नल दहा डेसिबलने कमी करणारा पॅड बसवून घे. स्विच, ६८० किलोओहम आणि ३३० किलोओहम, एवढंच सामान. इनपुटचा रोध एक मेगओहमच राहतो, बासला कळतही नाही. पॅड चालू असताना सात किलोहर्ट्झच्या वरचं थोडं मंद होईल. बोटांनी वाजवताना ते चालतं, अंगठ्याच्या फटक्यांना (स्लॅपला) कदाचित खटकेल.

हमकडे वळू. इथे तुझ्या हातात एक साधन आहे, ते म्हणजे बासच. आपली वीज ५० हर्ट्झची. बासच्या ‘ई’ तारेवर तिसऱ्या पडद्याला लागणारा ‘जी’ (G) हा सूर ४९ हर्ट्झचा, आणि उघडी ‘जी’ तार ९८ ची. बास ट्यूनरवर नीट मिळव, चांगल्या हेडफोनवर ऐक, हम मोठा कर आणि हे दोन सूर हळूच वाजव. तिसऱ्या पडद्याच्या ‘जी’बरोबर सेकंदाला साधारण एक हेलकावा आला तर हम ५० चा आहे. उघड्या जी तारेबरोबर सेकंदाला दोन आले तर १०० चा. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे बासचा कुठलाही सूर इतका नेमका जुळत नाही. पण आपल्याकडे हम नेमका ‘जी’वर बसतो आणि ‘जी’ पट्टीतलं गाणं असलं की सगळ्यांत जास्त छळतो, हेही खरं.

१०० चा हम असेल तर पुरवठ्यातले फिल्टर कपॅसिटर सुकले आहेत. नवी ट्यूब त्याला काही करू शकत नाही. ४५० व्होल्टचे नवे कपॅसिटर तपकीर गल्लीत मिळतील, रेझिस्टर आणि कॉन्टॅक्ट क्लीनरही तिथलाच. ५० चा असेल तर कारणं तीन-चार. इनपुटमधून बासची केबल काढून आतून शॉर्ट केलेला प्लग लाव. हम गेला तर तो बासकडून येत होता. तुझा पिकअप फेंडरच्या प्रिसिजन बाससारखा दुभागलेला असेल तर तो हम मारतो, जॅझ बाससारखे एकेरी पिकअप असतील तर ते हम गोळा करतात. प्लग लावूनही राहिला तर एक्सएलआरच्या बाजूचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघ. त्याने गेला तर ग्राउंड लूप, म्हणजे बॉक्स आणि मिक्सर दोन वाटांनी अर्थ झाल्याने येणारा हम. तरीही राहिला तर तो बॉक्सच्या आतला, आणि इथे मात्र ट्यूबवर संशय घ्यायला जागा आहे. जुन्या ट्यूबमध्ये हीटर आणि कॅथोड यांच्यातलं इन्सुलेशन गळायला लागतं. फॉलोअरमध्ये कॅथोड शंभराच्या वर व्होल्टवर बसलेला असतो, तिथे ही गळती आधी दिसते.

म्हणून पहिली खरेदी एकच कर: चालू बनावटीची साधी १२एएक्स७, जेजेची ईसीसी८३एस किंवा इलेक्ट्रो-हार्मोनिक्सची. ती घालून हम आणि खरखर ऐक. गेली तर जुनी ट्यूब गेलेली होती. नाही गेली तर दोष सर्किटचा, आणि ही नवी ट्यूब पुढेमागे सुटी म्हणून उपयोगी पडेलच. जेजे स्लोव्हाकियाच्या चाद्त्सा गावातली. इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, सोव्हटेक, टंग-सोल ही नावं वेगवेगळी असली तरी ट्यूब रशियातल्या साराटोव्हच्या एकाच कारखान्यातल्या. आज नवीन मिळणारी ‘मुलार्ड’ही त्याच कारखान्याची. इंग्लंडच्या ब्लॅकबर्नमधल्या मूळ मुलार्डशी तिचं फक्त नाव जुळतं. तुझ्या गिटारवाल्याला कुठली अभिप्रेत आहे ते विचार, बहुधा त्यालाही सांगता येणार नाही.

जुन्या मुलार्ड वाईट असतात असं मी म्हणत नाही. शांत, लांब टिकणाऱ्या असतात. पण गिटारवाला त्यांच्यावर फिदा होतो ते अँप तापवून सूर मुद्दाम फाडताना. तुला सूर फाडायचाच नाही. अमेरिकेतल्या मोटाउन कंपनीच्या गाण्यांतल्या ज्या बासपायी निम्मे लोक ट्यूब डीआय घेतात, तो वाजवणारा जेम्स जेमरसन स्टुडिओत बहुतेकदा बास थेट मिक्सिंग बोर्डातच लावायचा. त्याच्या प्रिसिजनवर फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट गुंडाळीच्या, तारा होत्या आणि त्या तो सहसा बदलायचा नाही. तो गोल, जाड सूर हवा असेल तर टेलिफुंकनच्या किमतीच्या एका अंशात फ्लॅटवाउंड तारांचा सेट येतो आणि फरक घरातल्यांनाही ऐकू जातो.

बॉक्स उघडताना काळजी घे. वायर काढल्यावरही कपॅसिटरमध्ये दोन-अडीचशे व्होल्ट राहू शकतात. ट्यूब बाहेरून काढता येत असेल तर ती तूच बदल: बंद कर, वायर काढ, थंड होऊ दे, सरळ वर ओढ. सोल्डरिंगचं काम व्हॉल्व्ह अँप दुरुस्त केलेल्या माणसाकडेच दे. त्याला एक गोष्ट आवर्जून मोजायला सांग, प्लेटवर किती व्होल्ट आहेत. दीडशेच्या आसपास असतील तर वरचा सगळा हिशेब लागू. तीस-चाळीसच असतील तर ट्यूब नावाला उपाशी बसवलेली आहे आणि कुठलीही ट्यूब घातलीस तरी फारसा फरक पडणार नाही, पैसे वाचव. मेन्सची वायर आत जाते म्हणतेस त्यावरून तुझा बॉक्स तसा नसावा. (इतर वाचकांसाठी: नुसत्या फँटम पॉवरवर, म्हणजे मिक्सरकडून माइकच्या केबलमधून येणाऱ्या विजेवर, चालणारा ‘ट्यूब’ डीआय कुणी दाखवला तर हिशेब करा. १२एएक्स७ चा हीटर १२.६ व्होल्टला १५० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे १.९ वॉट. ४८ व्होल्टची फँटम पाव वॉटही देत नाही.)

आणि मेन्सच्या प्लगची तिसरी पिन. हम जावा म्हणून ती तोडायचा सल्ला मांडवात कुणीतरी देतोच. ती तोडू नकोस, कुणाला तोडू देऊ नकोस. ट्रान्सफॉर्मर आतून शॉर्ट झाला तर बासच्या तारा जिवंत होतील आणि तुझे ओठ माइकला लागलेले असतील. गणपतीत जनरेटरवर कार्यक्रम असेल तर आधी अर्थिंग तपासायला सांग, मगच केबल लाव. ग्राउंड लिफ्टचं बटण फक्त एक्सएलआरच्या पहिल्या पिनेपुरतं असतं, ते खुशाल दाब.

नवी ट्यूब आली की चालू करून पाचेक मिनिटं तापू दे आणि पेन्सिलीच्या रबराच्या टोकाने काचेवर हलकं टिचकव. स्पीकरमधून ठण्ण आलं आणि घुमत राहिलं तर ती मायक्रोफोनिक आहे, परत कर. थोडा टकटक आवाज प्रत्येक ट्यूब करते. लांब प्लेटच्या ट्यूब या बाबतीत जास्त नाजूक, सोव्हटेकची एलपीएस त्यातलीच. तू बास पाठीवर आणि बॉक्स स्कूटरच्या फूटबोर्डवर ठेवून आपल्या रस्त्यांवरून जाणार असशील तर छोट्या प्लेटची घे, आणि ट्यूब काढून फोममध्ये वेगळी ने. वारंवार काढ-घाल होणार, म्हणून सॉकेट चांगलं हवं. पावसाळ्यानंतर एकदा पिनांना कॉन्टॅक्ट क्लीनर लाव. निम्मी खरखर तिथेच संपते.

दोन ट्यूब घरात आल्या की कुठली बरी हे ठरवताना स्वतःच्या हातावर भरवसा ठेवू नकोस, हात दर वेळी वेगळा पडतो. एक ओळ थेट कॉम्प्युटरच्या ऑडिओ इंटरफेसमध्ये रेकॉर्ड कर, तीच बासच्या पातळीवर आणून दोन्ही ट्यूबमधून पाठव, पुन्हा रेकॉर्ड कर. मग दोन्हींचा आवाज काट्यावर सारखा कर. १२एएक्स७ आणि १२एवाय७ मध्ये सहा डेसिबलचा फरक आहे, आणि मोठं ते चांगलं वाटतं. नावं झाकून ड्रमरकडून ऐकवून घे. गिटारवाल्याला त्यात घेऊ नकोस, तो मुलार्ड शोधत बसेल.

राहिले नाट्यगृहातले साउंडवाले. बालगंधर्वला काय, यशवंतराव चव्हाणला काय, त्यांच्या डोक्यात घड्याळ असतं. दुसऱ्या अंकापूर्वी कुणाच्या तरी घरच्या खोक्यातून हम आला की बोलणी त्यांनाच बसतात. त्यामुळे ‘माझा ट्यूबचा आहे’ असं सांगू नकोस. त्यांना हव्या त्या तीन गोष्टी सांग: फँटम बंद ठेवा, पातळी माइकपेक्षा जास्त येईल म्हणून गेन खालून सुरू करा, ग्राउंड लिफ्ट इथे आहे. आणि साउंड चेकच्या आधी पोच, बॉक्स चालू करून ठेव.

तुझा आग्रह मात्र रास्त आहे. त्यांचा पॅसिव्ह बॉक्स म्हणजे एक ट्रान्सफॉर्मर. त्याचा इनपुट रोध साधारण दीडशे किलोओहमच्या आत-बाहेर असतो. तुझ्या पॅसिव्ह पिकअपला तो जड जातो, वरची चमक बसते. तुझा बॉक्स एक मेगओहम देतो. तुझा बास अॅक्टिव्ह असता तर हा फरक जवळजवळ उरला नसता आणि मी म्हणालो असतो, त्यांचाच वापर. एक सावधगिरी ठेव. समेट म्हणून ते म्हणतील, तुमच्या बॉक्सच्या ‘थ्रू’मधून (इनपुटचा सिग्नल तसाच पुढे देणाऱ्या जॅकमधून) आमच्यात टाका, अडीअडचणीला दोन्ही राहतील. त्यांचा डीआय फँटमवर चालणारा अॅक्टिव्ह असेल तर बिनधास्त टाक. पॅसिव्ह असेल तर तो तुझ्या पिकअपवर समांतर बसतो आणि तुझ्या एक मेगओहमचा काही फायदा राहत नाही. तेव्हा त्यांचा बॉक्स शेजारी तयार ठेवायला सांग, पण केबल त्यात लावू नकोस.